दारातला बिशप

प्लेनोतल्या आमच्या भाड्याच्या घराच्या लीजमध्ये एक कलम होतं: पुढच्या व्हरांड्यातल्या कुलचिन्हावर पाय ठेवू नये. मी सही करण्याआधी सगळं वाचते, त्यामुळे हेही वाचलं आणि मला वाटलं, दुसऱ्या कुठल्यातरी लीजमधून चुकून आलं असेल. तसं नव्हतं.

घर म्हणजे एकाच छपराखाली दोन घरं, मधे एक भिंत. डावीकडे घरमालक, उजवीकडे आम्ही. व्हरांडा सामाईक, आणि ड्राइव्हवेवरून आमच्या दाराकडे जायची वाट नेमकी मालकांच्या उंबऱ्यासमोरून. तिथे, जमिनीत, जेवणाच्या ताटाच्या तिप्पट आकाराचा एक सिंह होता. सिंहाच्या पंजात दोन किल्ल्या, आणि डोक्यावर बिशपची म्हणजे मोठ्या धर्मगुरूची उंच टोकदार टोपी. मालक आयुष्यभर न्यू जर्सीत फरश्या बसवायचं काम करत. रिटायर झाल्यावर मुलीच्या मागे टेक्ससला आले आणि उरलेल्या तुकड्यांतून त्यांनी हे दैवत घडवलं. सिंहाचं अंग कुणाच्या तरी पिवळ्या बाथरूमचं, आयाळ एका दंतवैद्याच्या स्वयंपाकघरातली, टोपी एका चर्चच्या तळघरातली. हे त्यांनीच सांगितलं, पहिल्या दिवशी, आमचा ट्रक रिकामा व्हायच्या आत.

त्यामुळे सहा वर्षं मी दोन्ही हातांत किराण्याच्या पिशव्या घेऊन त्या सिंहाला वळसा घालत, झुडपांत एक पाय टाकत घरी आले. जून महिन्यात टेक्ससमध्ये हे करून बघा.

त्यांचं आडनाव कासादेई. इटालियनमध्ये कासा म्हणजे घर, आणि चर्चच्या लॅटिनमध्ये देई म्हणजे देवाचं. देवाचं घर. हे ते कुणालाही, कुठेही, न विचारता सांगत. पिझ्झा आणून देणाऱ्याला सांगत. एकदा गवत कापणाऱ्या माणसाचं मशीन बंद करायला लावून सांगितलं. "आडनाव म्हणजे पाया," ते म्हणत. "वरची फरशी कितीही महाग लावा, पाया कुणी घातलाय ते महत्त्वाचं." आमच्या घराण्याच्या पायात बिशप आहे, किमान एक, असा त्यांचा ठाम दावा होता. पुरावा काय विचारलं तर ते व्हरांड्याकडे बोट दाखवत.

ते कुलचिन्ह कुठून आलं तेही मी शोधलं. मॉलमधल्या एका स्टॉलवर आडनाव टाइप केलं की मशीन कुलचिन्ह छापून देतं. मुलीला घेऊन मी तिथे गेले आणि माझं आडनाव टाइप केलं. मशीनने थोडा विचार करून "रेकॉर्ड नाही" असं सांगितलं. स्टॉलवरचा मुलगा म्हणाला, जवळचं एक डच आडनाव आहे, ते चालेल का? त्या डच आडनावावरही तोच सिंह होता.

"मॉम, इट्स द सेम लायन," मुलगी म्हणाली.

"टाइलकाकांना सांगू नकोस," मी म्हटलं. घरात आम्ही त्यांना टाइलकाका म्हणत असू.

माझं आडनाव दहीभाते. लग्नानंतर मी ते बदललं नाही. टाइलकाकांनी पहिल्याच आठवड्यात अर्थ विचारला. मी सांगितला. ते इतके हसले की त्यांना कठड्याला धरावं लागलं. "योगर्ट अँड राइस! म्हणजे तुझ्या पूर्वजांनी काय केलं? जेवले?"

"हो. आणि भांडी घासली," मी म्हटलं.

त्या दिवसापासून मी योगर्ट झाले. मधली भिंत पातळ होती आणि ते ती दाराच्या बेलसारखी वापरत. एक ठोका म्हणजे सॉस जास्त झालाय, भांडं घेऊन ये. दोन ठोके म्हणजे टीव्ही हळू करा. तीन ठोके म्हणजे योगर्ट, बाहेर ये, एक माणूस आलाय आणि त्याच्या आडनावाचा अर्थ त्यालाच माहीत नाही.

दिवाळीच्या फराळाला आमच्याकडे वीसेक मराठी माणसं आली की टाइलकाका न बोलावता येत आणि चकलीची बशी घेऊन एकेकाची उलटतपासणी करत. कुलकर्णी म्हणजे? गावचा हिशेबनीस. पाटील? गावचा प्रमुख. नवऱ्याच्या ऑफिसातला एक ढेकणे होता, तो बिचारा "जस्ट अ नेम, यार" म्हणून सटकायला बघत होता. मी अर्थ सांगून टाकला. टाइलकाकांनी उठून त्याच्याशी हस्तांदोलन केलं. "बेडबग! असं आडनाव बदलत नाही म्हणजे तुम्ही प्रामाणिक लोक आहात."

मग आमच्याकडे काका आले.

काका म्हणजे माझ्या नवऱ्याचे सख्खे काका. पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले, बँकेतून निवृत्त, आणि आंबेरकर घराण्याच्या कुलवृत्तांताचे संपादक. ज्यांच्या घरी कुलवृत्तांत नाही त्यांच्यासाठी सांगते: घराण्यातला प्रत्येक पुरुष कुणाचा मुलगा, कुठे नोकरीला, किती अपत्यं, हे मूळ पुरुषापासून लिहून काढलेलं जाडजूड पुस्तक. बायका असतात, पण कंसात. काकांनी या कामाला अकरा वर्षं घातली आणि तेवीस किलोच्या सामानात चार प्रती आणल्या. लोणचं मागे राहिलं.

त्या पुस्तकात मीही आहे. "(पत्नी मृण्मयी, माहेरची दहीभाते)." हे मृण्मयी म्हणजे लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळात नवऱ्याने अंगठीने लिहिलेलं नाव. मी ते वाचलं, तांदूळ सारखे केले आणि म्हटलं की माझं आधीचं नाव चांगलं चाललंय. त्यानंतर मला मृण्मयी अशी हाक कुणीही मारलेली नाही. नवऱ्यानेही नाही. पण छापलं तेच. मी एकदा काकांना दुरुस्ती करायला सांगितली, तर ते म्हणाले, "अगं, विधी झाला ना? मग नोंद तीच."

काका आणि टाइलकाका यांची ओळख झाली आणि दोघांनाही आयुष्यात पहिल्यांदा पुरेसा श्रोता मिळाला. रोज सकाळी दहाला काका व्हरांड्यात. पायांत मोजे, वर सँडल, काखेत कुलवृत्तांत. काकांचं इंग्रजी बँकेच्या पत्रव्यवहाराचं, टाइलकाकांचं न्यू जर्सीचं. दोघांना एकमेकांचं निम्मं कळत असावं. त्यांना तेवढं पुरे होतं.

"युअर गोत्र?" काकांनी विचारलं.

"ते काय असतं?"

"ज्या ऋषीपासून तुमचा वंश सुरू झाला त्याचं नाव. ऋषी म्हणजे, लाइक, सेंट."

"सेंट आमच्याकडे बरेच आहेत," टाइलकाका म्हणाले.

"सिलेक्ट वन," काका म्हणाले आणि पेनाचं टोपण काढलं.

आठवड्याभरात काकांनी माझ्या मुलीच्या सायन्स प्रोजेक्टचा चार्ट पेपर पळवून त्यावर कासादेई घराण्याचा वंशवृक्ष काढला. खाली टाइलकाकांच्या नातवंडांपर्यंत सगळं व्यवस्थित. आजोबांच्या वर मात्र माहिती नव्हती. तिथे काकांनी सहा रिकामे चौकोन ठेवले आणि सगळ्यांत वर, दुहेरी रेघेच्या चौकटीत, लिहिलं: मूळ पुरुष, बिशप कासादेई.

"काका," मी म्हटलं, "बिशप लग्न करत नाहीत."

काकांनी चष्म्यावरून बघितलं. "नसतील करत. देवाचं घर हे आडनाव उगाच पडतं का? पुजाऱ्याचंच घराणं. आपल्याकडे नाही का, देवस्थानाच्या जवळ राहिला की—"

"त्याला मुलं कशी झाली?"

"ते तू मला विचारू नकोस," काका म्हणाले. "मी फक्त वंशावळ काढतो."

टाइलकाकांनी चार्ट फ्रेम केला. जुलैमध्ये त्यांच्या घरी कासादेई कुटुंबाचं संमेलन होतं. न्यू जर्सीहून थोरली बहीण येणार होती, भाचे, पुतणे, सगळे. त्यासाठी चाळीस टी-शर्ट छापले गेले: छातीवर बिशपची टोपी, खाली "देवाच्या घरचे". एक काकांनाही मिळाला. ते तो घालून देवपूजेला बसत.

मला यात पडायचं कारण नव्हतं. पण टाइलकाकांना इटलीचं नागरिकत्व हवं होतं. त्यांचे आजोबा तिथून आले होते, आजोबांचा जन्मदाखला मिळाला की अर्ज करता येत होता, आणि दाखला काही मिळत नव्हता. एके दिवशी तीन ठोके पडले. बाहेर गेले तर हातात फॉर्म.

"योगर्ट, तुम्हा लोकांना फॉर्म भरता येतात."

हे खरं होतं. व्हिसा, ग्रीन कार्ड, नवऱ्याचं, माझं, जन्मदाखल्यातलं नाव वेगळं आणि पासपोर्टातलं वेगळं म्हणून केलेली प्रतिज्ञापत्रं, हे सगळं केलेल्या बाईला जगातल्या कुठल्याही सरकारी खात्याची भीती वाटत नाही. आजोबा इटलीतल्या रोमान्या भागातल्या एका छोट्या गावात जन्मले होते. मी तिथल्या नगरपालिकेला ईमेल लिहिली. मग आठवण करून देणारी ईमेल लिहिली. मग आठवणीची आठवण. तिसऱ्या महिन्यात, संमेलनाच्या नऊ दिवस आधी, एका मोठ्या वहीच्या पानाचा स्कॅन आला. सुंदर अक्षर, एक शब्द कळेना. एका निवृत्त इटालियन शिक्षिकेकडून मी रीतसर भाषांतर करून घेतलं. ते माझ्याकडेच आलं, कारण फॉर्मवर संपर्कासाठी ईमेल पत्ता माझा होता.

त्यात लिहिलं होतं: सकाळी सहा वाजता धर्मादाय अनाथालयाच्या पहारेकरणीने कार्यालयात एक मूल आणून दाखवलं. मुलगा, अंदाजे दोन दिवसांचा. अनाथालयाच्या दारात सापडला. निळ्या पट्ट्यांच्या फडक्यात गुंडाळलेला, गळ्यात लाल दोऱ्यात ओवलेलं अर्धं पदक. आई-वडील अज्ञात. त्या दिवशी ज्या संताचा सण होता त्याच्यावरून नाव ठेवलं, आणि मूल देवाच्या घरात वाढणार म्हणून आडनाव दिलं कासादेई.

खाली शिक्षिकेने आपली टीप जोडली होती. सोडून दिलेल्या मुलांना अशी आडनावं देण्याची तिकडे रीत होती. अर्धं पदक आई स्वतःकडे ठेवायची, पुढे कधी मूल परत न्यायला आली तर ओळख पटावी म्हणून.

काका समोर बसून पेपर वाचत होते. मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी टी-शर्टवरच्या टोपीवर नकळत हात ठेवला.

"त्याला सांगू नकोस," ते म्हणाले.

"दाखला त्यांचा आहे, काका. अर्जाला जोडायचा आहे."

"जोड की. इटालियनमध्येच जोड. भाषांतर कशाला दाखवतेस? संमेलन तोंडावर आलंय. अशा वेळी एक वाक्य असतं, आपण ते टाकतो: मूळ पुरुषाविषयी अधिक माहिती उपलब्ध नाही."

मी शेल्फवरचा कुलवृत्तांत काढून त्यांच्यासमोर ठेवला. "यात कितीदा टाकलंय?"

काकांनी पुस्तक न उघडता मुखपृष्ठावर बोट फिरवलं. मग म्हणाले, "दोनदा." आणि थोड्या वेळाने, "आपल्या शाखेला एकदा."

त्यानंतर त्यांनी पेपर पुन्हा उघडला, पण उलटा धरला होता.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी टाइलकाकांच्या स्वयंपाकघरात गेले आणि कागद टेबलावर ठेवला. वाईट बातमी सांगताना आधी चहा, मग हवापाणी, मग आडवळण, हे मला जमत नाही. समोरच्याला कळतंच काहीतरी आहे, आणि चहा वाया जातो. ते हळूहळू वाचत होते, बोट ओळीखाली ठेवून.

"मग हे आडनाव कुणाचं?"

"कारकुनाने दिलेलं."

"कारकुनाचं आडनाव कासादेई होतं?"

"नाही. त्याने ते तिथेच, टेबलाशी बसून ठरवलं. त्या दारात सापडलेल्या आणखीही मुलांना दिलं असेल."

त्यांनी कागद उलटून मागे काही आहे का बघितलं. मग विचारलं, "अर्धं म्हणजे कुठलं अर्धं?"

"काय?"

"पदकाचं. डावं की उजवं?"

"ते लिहिलेलं नाही."

आता मात्र ते चिडले. "लिहायला नको? फरशी कापली की कुठली अर्धी ते पाठीमागे लिहावं लागतं! नाहीतर जोडीची कशी शोधणार? चाळीस वर्षं मी हे पोरांना शिकवलं. कसला हा निष्काळजी माणूस!"

कारकुनाला आणखी काही शिव्या देऊन झाल्यावर ते म्हणाले, माझी बहीण मला फाडून खाईल. बिशपची गोष्ट मूळ तिचीच. लहानपणी शाळेत कुणी हिणवलं की ती यांना तीच गोष्ट सांगून शांत करायची. "चाळीस टी-शर्ट आहेत, योगर्ट."

"मी बघितलेत. एक माझ्या वॉशिंग मशीनमध्ये आहे."

"हा कारकून खोटारडा असेल."

"असेल. पण अर्ज करायचा तर त्याच्याच सहीवर करावा लागेल."

त्यानंतर पाच दिवस भिंतीवर एकही ठोका पडला नाही. सॉस जास्त झाला नाही. माझ्या मुलीने मुद्दाम टीव्ही मोठ्याने लावून बघितला, तरी काही नाही. काका दहाला व्हरांड्यात जाऊन बसत, साडेदहाला आत येत. "येतील," ते म्हणत. "घराण्याचा प्रश्न आहे. वेळ लागतो."

शनिवारी सकाळी सातला हातोडीचा आवाज सुरू झाला. आमच्या फ्रिजवरचे मॅग्नेट खाली पडले. मी दार उघडून बघितलं तर टाइलकाका गुडघ्यांखाली जुनी उशी घेऊन छिन्नीने सिंह उखडत होते. टोपी आधीच निघाली होती आणि एका बादलीत आयाळीवर पडली होती.

"मदत हवी का?" मी विचारलं.

"फॉर्मची असेल तेव्हा सांगतो," ते म्हणाले.

रविवारी दहापर्यंत ड्राइव्हवे भरला. टी-शर्ट वाटून झालेच होते, त्यामुळे सगळे कासादेई टोपीखाली "देवाच्या घरचे" असे हिंडत होते. थोरली बहीण आली. ऐंशीच्या पुढची, बुटकी, हातात काठी. ती काठी आधारासाठी नसून माणसं बाजूला करण्यासाठी होती. ती व्हरांड्यापाशी थांबली. सिंहाच्या जागी करड्या सिमेंटचा चौकोन होता आणि त्यात फक्त एक अर्धवर्तुळ. निळ्या पट्ट्यांच्या फरशीचं, कडेने एकच लाल रेघ. बाकी काही नाही.

"बिशप कुठाय?" तिने विचारलं.

टाइलकाकांनी खिशातून भाषांतर काढलं आणि तिथेच उभं राहून मोठ्याने वाचलं. सकाळी सहा वाजता, पहारेकरीण, फडकं, लाल दोरा, अर्धं पदक. टिपेसकट वाचलं. चाळीस माणसं उन्हात उभी होती आणि कुणी हललं नाही. फक्त बार्बेक्यूवर सॉसेज करपत होते.

मी बहिणीच्या चेहऱ्याकडे बघत होते. मला वाटलं होतं ती ओरडेल, किंवा काठी उगारेल. ती म्हणाली, "तो अर्धा तुकडा बटणांच्या डब्यात होता."

"कुठल्या डब्यात?"

"आईच्या. पत्र्याच्या. लाल दोऱ्यात. आपण घर बदललं तेव्हा मी डबा आवरला."

"मग?"

"मग काय? फेकला." तिने काठी या हातातून त्या हातात घेतली. "अर्धा होता ना."

 टाइलकाकांनी कागदाची घडी घातली, ती पुन्हा उघडली, पुन्हा घातली. "डावा की उजवा?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

म्हातारीने डोळे मिटले. मी सांगते, तिने खरंच आठवायचा प्रयत्न केला. काठी काखेत धरली, दोन बोटांत काहीतरी पकडल्यासारखं केलं, ते इकडे वळवलं, तिकडे वळवलं.

"उजवा," ती म्हणाली.

टाइलकाकांनी जमिनीकडे बघितलं. अर्धवर्तुळ डावं होतं.

 तेवढ्यात काका पुढे झाले. अंगात टी-शर्ट, पायांत मोजे आणि सँडल. त्यांनी खाली वाकून नीट पाहणी केली आणि आपल्या बँकेच्या इंग्रजीत म्हणाले, "देन धिस इज मदर्स हाफ. करेक्ट. नो मिस्टेक."

अकरा वर्षं कंसात बायका टाकणाऱ्या माणसाने हे म्हटलं. मी ऐकलं म्हणून विश्वास ठेवते.

टाइलकाका हसले नाहीत, रडले नाहीत. नाक शिंकरून ते म्हणाले की सॉसेज जळतायत आणि कुणाला जराही अक्कल नाही. मग चाळीस माणसं एकदम बोलायला लागली. दुपारपर्यंत टाइलकाका प्रत्येकाला गाठून सांगत होते की बिशप काय, कुणाच्याही घराण्यात असतो. पण सरकारी वहीत सकाळी सहा वाजता, साक्षीदारासह, ज्यांच्या मूळ पुरुषाची नोंद आहे असे लोक अमेरिकेत किती असतील? पिझ्झावाल्याला नवीन गोष्ट ऐकावी लागणार हे मला तेव्हाच कळलं.

त्यांचा अर्ज अजून कुठल्यातरी टेबलावर आहे. मागे मला मेसेज आला होता, आणखी एक दाखला मागतायत. आम्ही आता फ्रिस्कोला राहतो, स्वतःच्या घरात, भिंती जाड आहेत. काकांनी गेल्या वर्षी कुलवृत्तांताचं शुद्धिपत्र काढलं, चार पानांचं. त्यात मृण्मयी नाही. माझं नाव आहे, पुढे दहीभाते, आणि कंस काढलाय. आपल्या शाखेच्या मूळ पुरुषाविषयी मात्र अधिक माहिती अजून उपलब्ध नाही.

पण त्या रविवारी संध्याकाळचं सांगते. पाव आणि दूध संपलं म्हणून मी दुकानात जाऊन आले. दोन्ही हातांत पिशव्या. सवयीने झुडपात पाय टाकला. काका पुढे होते. त्यांनी सँडल काढून हातात घेतले आणि अर्धवर्तुळाला लांबून वळसा घातला.

"अरे, त्याच्यावर चाला!" टाइलकाका खुर्चीतून ओरडले. "दाराच्या बाहेर ठेवलेली माणसं आम्ही. वळसा कशाला घालता? पाय ठेव, योगर्ट!"

काकांनी नाही ठेवला. म्हणाले, असू दे, देवाचं घर आहे.

मी ठेवला. पिशव्या जड होत्या.